इंग्लंडमध्ये घर भाड्यानं घेताना: 'राइट टू रेंट' तपासणी, नकार आणि तुमचे हक्क

इंग्लंडमध्ये घरमालक हा थोडाफार इमिग्रेशन अधिकारीही असतो. त्यानं ही नोकरी मागितलेली नसते, सरकारनं ती त्याच्या गळ्यात मारलेली आहे, आणि चुकला तर दंड त्याच्याच खिशातून जातो. नव्यानं आलेल्या माणसाला घर मिळवताना येणाऱ्या बऱ्याच अडचणींचं मूळ इथे आहे. समोरचा घरमालक दर वेळी वाईटच असतो असं नाही, पण तो घाबरलेला असतो. त्याची भीती कशानं कमी होते आणि ती कोणत्या टप्प्यावर बेकायदेशीर भेदभाव ठरते, हे दोन्ही माहीत असलेलं बरं. शिकायला किंवा नोकरीसाठी नव्यानं येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी कायदा काय आहे ते

'राइट टू रेंट' म्हणजे घर भाड्यानं घेण्याचा हक्क. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यानं ही व्यवस्था आली. १ डिसेंबर २०१४ पासून बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन आणि आसपासच्या भागात ती आधी करून पाहिली आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून सगळ्या इंग्लंडला लावली. फक्त इंग्लंडला, हे लक्षात घ्या. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ही तपासणी नाही. ग्लासगोला किंवा कार्डिफला जाणार असाल आणि एजंट 'राइट टू रेंट'चं नाव काढू लागला, तर त्याला नम्रपणे विचारा की हे कोणत्या कायद्याखाली.

नियम असा: घरात मुख्य निवासासाठी राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला या देशात राहण्याची परवानगी आहे का, हे घरमालकानं करार सुरू होण्याआधी तपासायचं. करारावर नाव असो वा नसो. तपासणी न करता घर दिलं आणि राहणाऱ्याला तो हक्क नव्हता असं निघालं, तर दंड. १३ फेब्रुवारी २०२४ पासून हे दंड प्रचंड वाढले. पूर्वी पहिल्या चुकीला प्रत्येक भाडेकरूमागे १,००० पौंड होते, ते १०,००० झाले. पुन्हा चूक झाली तर २०,०००. स्वतःच्या घरात खोली देणाऱ्याला पूर्वी ८० पौंड दंड होता, तो थेट ५,००० वर गेला, आणि दुसऱ्या वेळी १०,०००. जाणूनबुजून केलं तर फौजदारी गुन्हा, पाच वर्षांपर्यंत तुरुंग.

आता त्या घरमालकाच्या जागी बसून विचार करा. एका घरासाठी पाच अर्ज आलेत. त्यातल्या एकाकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. दुसऱ्याकडे 'शेअर कोड' (इथे राहण्याची परवानगी ऑनलाइन दाखवणारा कोड) नावाचं काहीतरी आहे, ते त्याला नीट कळत नाही, आणि चुकलं तर दहा हजार पौंड. तो कुणाला निवडेल? 'जॉइंट काउन्सिल फॉर द वेलफेअर ऑफ इमिग्रंट्स' या संस्थेनं २०१७ मध्ये घरमालकांची पाहणी केली, तेव्हा ५१ टक्क्यांनी सांगितलं की या योजनेमुळे परदेशी नागरिकांना घर देण्याकडे आपला कल कमी झाला आहे. ब्रिटिश पासपोर्ट नसलेल्यांबद्दल ४२ टक्के तसंच म्हणाले. याच संस्थेनं सरकारला कोर्टात खेचलं. मार्च २०१९ मध्ये हायकोर्टानं ही योजना घरमालकांना वांशिक भेदभावाकडे ढकलते आणि म्हणून मानवी हक्कांच्या विरोधात जाते, असा निकाल दिला. एप्रिल २०२० मध्ये अपील कोर्टानं तो फिरवला. पण फिरवताना योजनेमुळे काही घरमालक भेदभाव करतात हे मान्य केलं. तरीही योजना समर्थनीय आहे, एवढंच म्हटलं. म्हणजे भेदभाव होतो हे न्यायालयालाही ठाऊक आहे, आणि योजना चालू आहे. माझ्या मते हा निकाल भाडेकरूंवर अन्याय करणारा आहे, पण घर याच कायद्याखाली शोधायचं आहे.

पायरी १: विमानात बसण्याआधी इ-व्हिसा उघडून बघा

पूर्वी इथे बीआरपी नावाचं गुलाबी कार्ड मिळायचं. ते संपलं. आता तुमची परवानगी म्हणजे होम ऑफिसच्या (व्हिसा-इमिग्रेशन बघणाऱ्या इथल्या गृहखात्याच्या) वेबसाइटवरची एक नोंद, तिला इ-व्हिसा म्हणतात. ती बघायला 'यूकेव्हीआय' (त्यांच्या व्हिसा विभागाचं) ऑनलाइन खातं लागतं. खातं भारतातूनच उघडा, त्यात पासपोर्ट जोडला गेलाय का ते बघा, आणि नाव, जन्मतारीख, व्हिसाच्या तारखा एकेक अक्षर लावून तपासा.

आपल्याकडे हमखास गोंधळ होतो तो नावाचा. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात येतं. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं डिग्रीवर एक, पासपोर्टवर दुसरं आणि बँकेत तिसरं. एजंटच्या फॉर्मवर तुम्ही फक्त नाव-आडनाव लिहिता, इ-व्हिसावर मधलं नावही दिसतं, आणि कागद तपासणारा माणूस अडून बसतो. सोपा उपाय: इथे प्रत्येक फॉर्मवर इ-व्हिसावर जसं आहे तसंच पूर्ण नाव लिहा, लांबलचक वाटलं तरी. चूक इ-व्हिसातच असेल तर ती दुरुस्त करायला लगेच अर्ज करा. घर हातातून जाण्याच्या वेळी ती दुरुस्त होत नाही.

मधेच पासपोर्टचं नूतनीकरण केलंत तर नवा क्रमांक खात्यात टाकायला विसरू नका.

पायरी २: तुम्हाला ही तपासणी लागते का?

विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणार असाल तर नाही. विद्यापीठानं स्वतः नाव सुचवून एखाद्या घरमालकाकडे तुमची सोय केली असेल, तरीही नाही. नोकरीसोबत कंपनीनं राहायला दिलेलं घरही बहुधा सुटतं. म्हणून पहिल्या वर्षी वसतिगृह महाग वाटलं तरी त्याचा हा एक फायदा हिशेबात धरा: तिथे ना तपासणी, ना बहुतेकदा गॅरंटर (तुम्ही भाडं थकवलंत तर ते भरायची हमी देणारा माणूस) शोधण्याची धावपळ.

मुलं १८ च्या आतली असतील तर त्यांची तपासणी नाही. आई-बाबा चार महिने नातवंडं बघायला आले, तर त्यांचं मुख्य घर नागपुरात किंवा साताऱ्यातच आहे. पाहुण्यांसाठी तपासणी नसते. नंतर येणाऱ्या बायकोला किंवा नवऱ्याला मात्र स्वतःचं खातं आणि स्वतःचा कोड लागतो, तुमच्या कोडवर त्यांचं काम होत नाही. ते येणार असतील तर करार करतानाच सांगून ठेवा.

पायरी ३: पहिला फोन, पहिला ईमेल

जाहिरात बघून संपर्क करताना माहिती तुम्हीच आधी द्या: कोणता व्हिसा, कधीपर्यंत, नोकरी किंवा कोर्स कुठे, पगार किंवा पैशांची सोय काय, आणि 'राइट टू रेंट'चा शेअर कोड आज देऊ शकतो. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. घाबरलेल्या घरमालकाला 'हा माणूस मला कामाला लावणार नाही' एवढं कळलं तरी निम्मं काम होतं.

व्हिसाचे थोडेच महिने उरले असतील तर 'तुमचा व्हिसा पाच महिन्यांत संपतोय, आम्ही वर्षाचं घर देतो' हे उत्तर येतं. इथे एक मुद्दा बऱ्याच एजंटांनाही माहीत नसतो. तपासणी योग्य रीतीनं केली की घरमालकाला दंडापासून संरक्षण मिळतं ते तपासणीपासून १२ महिने, किंवा व्हिसा संपेपर्यंत, यातलं जे नंतरचं असेल तोवर. म्हणजे व्हिसाचे पाच महिनेच उरले असले तरी घरमालक पूर्ण वर्षभर सुरक्षित असतो. सरकारच्या घरमालकांसाठीच्या मार्गदर्शिकेत हे लिहिलेलं आहे. त्या पानाचा दुवा ईमेलमध्ये द्या, वाद घालू नका. दुवा बऱ्याचदा वादापेक्षा जास्त चालतो.

'फक्त ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनाच' असं कुणी म्हणालं तर मात्र तो वेगळा विषय. त्याकडे पायरी ७ मध्ये येतो.

पायरी ४: पैसे

इथे नवखा माणूस सगळ्यात जास्त लुटला जातो, म्हणून जरा थांबतो.

इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून भाडेकरूकडून फी घेण्यावर बंदी आहे. 'राइट टू रेंट' तपासणीचे, रेफरन्सिंगचे (तुमची नोकरी, पगार, जुनं भाडं यांच्या चौकशीचे), करार टाइप करण्याचे असे कुठलेही पैसे मागता येत नाहीत. 'परदेशी अर्जदारांसाठी जादा प्रशासकीय शुल्क' ही ओळ दिसली की समजा, एजंट कायद्याच्या बाहेर आहे. ते शुल्क देऊ नका.

घर तुमच्यासाठी धरून ठेवायला होल्डिंग डिपॉझिट घेता येतं, ते जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याइतकं. करार झाला की ते भाड्यात किंवा डिपॉझिटमध्ये वळतं, घरमालकानं माघार घेतली तर परत मिळतं. पण खोटी माहिती दिलीत, किंवा तुम्हाला 'राइट टू रेंट' नाही असं निघालं आणि घरमालकाला ते आधी कळण्यासारखं नव्हतं, तर तो ते ठेवून घेऊ शकतो. म्हणून व्हिसाची खरी स्थिती पैसे देण्याआधी, आणि लेखी, सांगून ठेवा. मुख्य डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही (वर्षाचं भाडं ५०,००० पौंड किंवा जास्त असेल तर सहा आठवडे), आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा झालं पाहिजे.

आणि आगाऊ भाडं. परदेशी विद्यार्थ्याकडून सहा महिन्यांचं, कधी वर्षाचं भाडं आधीच मागायचं, ही इथली जुनी पद्धत. घरी बाबांनी एफडी मोडायची आणि पैसे पाठवायचे. २०२५ च्या 'रेंटर्स राइट्स' कायद्यानं हे बदललं. १ मे २०२६ पासून इंग्लंडमधल्या खासगी भाडेकरारांत घरमालक एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागू शकत नाही, आणि जाहिरातीत छापलेल्या भाड्यापेक्षा वरची बोली मागवू किंवा घेऊ शकत नाही. हे ऐकून लगेच खूश होऊ नका. सहा महिन्यांचं भाडं हीच काहींची पत होती. ती गेली की घरमालक इथल्या गॅरंटरचा आग्रह जास्त धरतील, असं मला वाटतं. इथे नातेवाईक नसेल तर आधी विद्यापीठात विचारा, काही विद्यापीठं स्वतः गॅरंटर होतात. तसं नसेल तर पैसे घेऊन गॅरंटर होणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्या अटी नीट वाचून घ्या. खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या मोठ्या खासगी इमारतींना या नव्या करारांतून बरीचशी सूट आहे, तिथे आगाऊ रकमेचे नियम वेगळे असू शकतात.

घर न बघता, फक्त व्हॉट्सअॅपवर फोटो बघून पैसे पाठवू नका. याहून जास्त काय सांगायचं.

पायरी ५: प्रत्यक्ष तपासणी

हा खरं तर पाच मिनिटांचा मामला. खात्यात जाऊन 'राइट टू रेंट' हा पर्याय निवडा, नऊ अक्षर-अंकांचा शेअर कोड मिळेल. घर भाड्यासाठीचा कोड 'आर' अक्षरानं सुरू होतो. नोकरीसाठीचा 'डब्ल्यू'नं सुरू होतो, तो इथे चालत नाही, आणि नवीन माणसं नेमका तोच पाठवतात. कोड ९० दिवस चालतो. घरमालक कोड आणि तुमची जन्मतारीख टाकून सरकारी पानावर तुमचा फोटो आणि स्थिती बघतो. फोटोतला माणूस तुम्हीच आहात हे त्यानं समोरासमोर किंवा थेट व्हिडिओ कॉलवर पाहायचं असतं. मुदतीचा व्हिसा असेल तर ही तपासणी करार सुरू होण्याआधीच्या २८ दिवसांत झाली पाहिजे.

तुम्ही अजून भारतात असाल तरी घर तत्त्वतः पक्कं करता येतं. चाव्या देण्याआधी तपासणी पूर्ण झाली की झालं.

तपासणी एवढीच. एजंट मूळ पासपोर्ट ठेवून घ्यायला मागत असेल, धर्म विचारत असेल, 'बीआरपी कार्डच दाखवा' म्हणत असेल, तर त्याला कायदा नीट ठाऊक नाही. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांसाठी जी ओळख पडताळणीची खासगी अॅप्स असतात, ती इ-व्हिसावाल्यांसाठी नाहीत. त्या अॅपनं तुम्हाला 'नापास' केलं तर त्याला काही अर्थ नाही. सरकारी पानच उघडायला सांगा.

पायरी ६: व्हिसाचा अर्ज अजून प्रलंबित असेल तर

विद्यार्थी व्हिसावरून ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर काही काळ राहून काम करायच्या व्हिसावर) जाताना किंवा नोकरी बदलताना मधले काही आठवडे असे येतात की जुना व्हिसा संपलेला आणि नवा आलेला नाही. जुना संपण्याआधी अर्ज केला असेल तर निर्णय येईपर्यंत तुमचे जुने हक्क चालू राहतात. मग घरमालकानं होम ऑफिसच्या 'लँडलॉर्ड चेकिंग सर्व्हिस'कडे तुमचा अर्ज क्रमांक देऊन विचारायचं. उत्तर कामाच्या दोन दिवसांत येतं, आणि ते होकारार्थी असेल तर घरमालकाला १२ महिन्यांचं संरक्षण मिळतं. ही सोय बऱ्याच छोट्या घरमालकांनी कधी वापरलेली नसते. त्याचं पान उघडून देण्यापासून तुम्हीच मदत करा.

पायरी ७: नकार आला. हा भेदभाव आहे का?

२०१० च्या समता कायद्याखाली वंश, रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ यावरून घर नाकारणं बेकायदेशीर आहे. 'इंडियन नको', 'परदेशी नको', 'फक्त ब्रिटिश पासपोर्ट' हे सगळं त्यात येतं. तपासणी फक्त सावळ्या माणसाची आणि गोऱ्याची नाही, हेही त्यात येतं. तपासायचं तर सगळ्यांना. स्वतःच्या घरातली खोली देणाऱ्यालाही वंशाच्या बाबतीत सूट नाही.

स्वयंपाकाच्या वासाचं कारणही चालत नाही. केंटमधल्या एका बड्या घरमालकानं आपल्या एजंटला लेखी कळवलं होतं की रंगीत वर्णाचे भाडेकरू नकोत, कारण ते गेल्यावर घरात करीचा वास राहतो. समता आयोग कोर्टात गेला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मेडस्टोनच्या कोर्टानं हे धोरण बेकायदेशीर ठरवून त्याला मनाई केली. तेव्हा फोडणीवरून कुणी टोमणा मारला तर तो लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता कडू भाग. व्हिसाचा प्रकार किंवा त्याची उरलेली मुदत म्हणजे राष्ट्रीयत्व नव्हे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगार बायकांच्या प्रकरणात ठरवलं की इमिग्रेशनच्या स्थितीवरून वाईट वागवणं हा आपोआप वांशिक भेदभाव होत नाही. मुदतीच्या व्हिसावाल्यांना कमी लेखू नका, असं सरकारची घरमालकांसाठीची आचारसंहिता सांगते खरी, पण 'व्हिसा कमी उरलाय' या कारणावर कोर्टात जिंकणं 'इंडियन नको' या कारणापेक्षा बरंच अवघड. पगार पुरेसा नाही, गॅरंटर नाही, दुसऱ्यानं आधी पैसे भरले, ही कारणं तर कायदेशीरच आहेत, आणि खरं कारण त्यांच्यामागे सहज लपतं.

म्हणून पुरावा. फोनवर नकार मिळाला तर त्याच दिवशी ईमेल करा: 'आज आपण म्हणालात की अमुक कारणानं घर देता येत नाही, मला बरोबर समजलं ना?' जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. घर 'गेलं' म्हणून सांगितलं आणि आठवड्यानं तीच जाहिरात दिसली, तर तोही ठेवा.

मग काय करायचं? नकार एजंटकडून आला असेल तर आधी त्याच्या कंपनीकडे लेखी तक्रार. इंग्लंडमध्ये प्रत्येक लेटिंग एजंटला तक्रार निवारण योजनेचं सभासद असणं बंधनकारक आहे. उत्तर समाधानकारक नसेल तर तिथे जा. ते मोफत आहे. सल्ल्यासाठी 'सिटिझन्स अॅडव्हाइस', 'शेल्टर' आणि भेदभावासाठीची 'इक्वालिटी अॅडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिस' आहे. विद्यार्थी असाल तर विद्यार्थी संघटनेचं सल्ला केंद्र सगळ्यात जवळचं. कोर्टात जायचं तर काउंटी कोर्ट, आणि घटनेपासून सहा महिन्यांना एक दिवस कमी एवढीच मुदत. माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्यात, डोक्यावर छप्पर नसताना, कोर्टाच्या मागे लागू नका. आधी दुसरं घर घ्या, तक्रार नंतर करा. पण कराच, कारण ज्या एजंटकडे कुणीच तक्रार करत नाही तो पुढच्या भारतीय मुलालाही तेच सांगतो.

पायरी ८: राहायला गेल्यावर

व्हिसा मुदतीचा असेल तर घरमालक पुन्हा तपासणी करेल. नवा व्हिसा मिळाला की त्यानं मागायच्या आधीच नवा कोड पाठवा. दुसऱ्या तपासणीत हक्क उरलेला नाही असं निघालं तर घरमालकाला होम ऑफिसला कळवावं लागतं.

'व्हिसा संपतोय, शनिवारपर्यंत घर सोडा' असं मात्र तो म्हणू शकत नाही. इमिग्रेशनच्या कारणावरून भाडेकरूला काढायची विशेष सोय कायद्यात आहे, पण ती होम ऑफिसनं घरमालकाला नोटीस पाठवल्यावरच वापरता येते. घरातल्या सगळ्यांचाच हक्क गेलेला असेल तर घरमालकाला किमान २८ दिवसांची नोटीस द्यावी लागते. काहींचाच गेला असेल तर कोर्टातूनच जावं लागतं. कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, वीज तोडणं हे १९७७ च्या कायद्याखाली गुन्हे आहेत. असं घडलं तर त्याच क्षणी कौन्सिलला (तिथल्या नगरपालिकेला) फोन करा. आणि १ मे २०२६ पासून कारण न देता काढण्याची 'सेक्शन २१'ची नोटीसही बंद, त्यामुळे दुरुस्ती मागितली म्हणून घर जाईल ही भीती पूर्वीइतकी राहत नाही.

आणि तुम्हीच घरमालक झालात तर

हे कुणी सांगत नाही. दोन बेडरूमचं घर घेतलं, भाडं झेपेना, म्हणून कॉलेजच्या मित्राला एक खोली दिली आणि महिन्याला पैसे घेऊ लागलात. कायद्याच्या नजरेत त्या खोलीपुरते तुम्हीच घरमालक आहात. तपासणी तुम्ही करायची, दंड तुम्हाला, ५,००० पौंडांपासून. तुमच्या मूळ घरमालकानं ही जबाबदारी लेखी स्वीकारली असेल तर गोष्ट वेगळी. आणि खोली द्यायलाही त्याची परवानगी लागतेच. मित्राचा कोड घेऊन सरकारी पान उघडा, त्या निकालाची प्रत जपून ठेवा, तो राहतोय तोवर आणि तो गेल्यावर एक वर्ष. आपल्या व्हॉट्सअॅप गटांत 'खोली देणे आहे, फक्त अमुक समाजाच्यांनाच' अशा जाहिराती सर्रास फिरतात. समता कायदा त्यांनाही लागू होतो. तशी जाहिरात टाकू नका, आणि गटात कुणी टाकली तर त्याला तसं सांगा.